पुरीच्या सिंहद्वाराबाहेर

ओडिशाच्या किनाऱ्यावरची पुरी हे चार धामांतले पूर्वेचे धाम. गंग घराण्यातील अनंतवर्मन चोडगंगदेव याने बाराव्या शतकात येथे जगन्नाथाचे आजचे मंदिर उभारायला घेतले. त्याचे सुमारे ६५ मीटर उंच शिखर समुद्रावरूनही दिसते. पुरीत काय पाहावे, या प्रश्नाचे पहिले उत्तर अर्थातच हे मंदिर. पण ते प्रत्येकाला लागू पडत नाही, कारण आत केवळ हिंदूंना प्रवेश आहे आणि तशी पाटी दारावर लावलेली आहे. त्यामुळे पाहण्याजोगे काय, या प्रश्नामागोमाग दुसरा प्रश्न येतो: पाहण्याचा अधिकार कोणाला? जो जगाचा नाथ म्हणवतो त्याच्या दारात कोणाला अडवता येते काय? पुरीत हा प्रश्न केवळ ग्रंथांतून चर्चिला गेला नाही. ज्यांना आत जाता आले नाही, किंवा जे आपणहून गेले नाहीत, त्यांच्यामुळे या शहरातली निम्मी महत्त्वाची स्थळे घडली आहेत. ती ज्या क्रमाने भेटतात त्याच क्रमाने पाहिली, तर त्या प्रश्नाला शहराने वेळोवेळी दिलेली उत्तरेही कळतात.

मंदिराला चार दिशांना चार दारे आहेत. पूर्वेचे सिंहद्वार हे मुख्य. त्याच्या समोर सुमारे दहा मीटर उंचीचा, एकाच पाषाणातून घडवलेला अरुणस्तंभ आहे. माथ्यावर सूर्याचा सारथी अरुण हात जोडून बसलेला. हा स्तंभ मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढचा. १७५१ ते १८०३ या काळात ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि त्याच काळात तो पुरीला आणला गेला. कोणार्कचे देऊळ तोवर ओस पडले होते. मराठी यात्रेकरूला पुरीत आपल्या इतिहासाची खूण भेटते ती अशी ऐन दारात.

सिंहद्वार ओलांडताच समुद्राची गाज ऐकू येईनाशी होते, असे भाविक सांगतात. पण दार न ओलांडताही येथे एक दर्शन होते. दाराच्या आत उजव्या अंगाला पतितपावनाची मूर्ती आहे. हे जगन्नाथाचेच रूप, आणि ते मुद्दाम बाहेरच्या रस्त्यावरून दिसेल असे बसवलेले आहे. अठराव्या शतकातील खुर्द्याचा राजा दुसरा रामचंद्रदेव याचा मुसलमान धर्माशी संबंध आल्यामुळे त्याला आत येण्याची मनाई झाली. जो राजा देवाचा पहिला सेवक, तोच दाराबाहेर राहिला, आणि त्याला दर्शन घडावे म्हणून ही मूर्ती स्थापन झाली, अशी परंपरा आहे. राजासाठीदेखील नियम वाकला नाही, पण देव दारापर्यंत आला. पुरीच्या धर्मविचाराची रीत या एका कोनाड्यात स्पष्ट दिसते. मर्यादा कायम ठेवायची आणि देवालाच मर्यादेच्या काठावर आणायचे.

शिखरावर अष्टधातूचे नीलचक्र आहे. त्यावर फडकणाऱ्या ध्वजालाही पतितपावनाचेच नाव आहे. रोज संध्याकाळी सेवक शिखर चढून जातात आणि ध्वज बदलतात. हा सोहळा रस्त्यावर उभे राहून कोणालाही पाहता येतो, आणि पाहावाच. पंढरपूरच्या गर्दीत कळसाचे दर्शन घेऊन परतणाऱ्या वारकऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

ज्यांना आत जाता येते त्यांना बावीस पायऱ्या चढून दोन तटांच्या आतल्या आवारात पोचता येते. रत्नसिंहासनावर बलभद्र, सुभद्रा आणि जगन्नाथ या कडुनिंबाच्या लाकडाच्या मूर्ती आहेत. वाटोळे मोठे डोळे, अपुरे हात, घडण जणू अर्ध्यावर थांबवलेली. देखण्या पाषाणमूर्तींना सरावलेल्या डोळ्यांना ही रूपे प्रथम अनोळखी वाटतात.

आवारात जे पाहण्यापेक्षा अनुभवण्याजोगे आहे ते आनंदबाजारात. मंदिराच्या स्वयंपाकघरात लाकडाच्या जाळावर मातीच्या भांड्यांची उतरंड रचून अन्न शिजते. ते आधी जगन्नाथाला आणि मग विमलादेवीला अर्पण होते. त्यानंतरच ते महाप्रसाद ठरते आणि आनंदबाजारात विकायला येते. बटाटा, टोमॅटो यांसारख्या बाहेरून आलेल्या भाज्या या रांधपात चालत नाहीत. इतका सोवळेपणा पाळून केलेले हे अन्न एकदा महाप्रसाद झाले की मात्र त्याला विटाळ नाही. ते कोणी वाढले, कोणाच्या पंगतीला बसून खाल्ले, कोणाच्या पानातले उरलेले उचलले, याचा विचार येथे होत नाही. ज्या समाजात रोटीव्यवहारावर जातीची सारी इमारत उभी होती, त्या समाजात हे शतकानुशतके चालत आले. प्रवेशाचा निर्बंध आणि पंगतीची मोकळीक या दोन्ही गोष्टी एकाच तटाच्या आत आहेत. पुरीला केवळ कर्मठ म्हणणाऱ्यांनी आणि केवळ उदार म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायला हवे. महाप्रसाद तटाबाहेरही नेता येतो, आणि बाहेरच्यांपर्यंत तो कायम पोचत आला आहे.

मंदिरापासून थोड्या अंतरावर सिद्धबकुळ हे ठिकाण आहे. १५१० मध्ये चैतन्य महाप्रभू पुरीला आले आणि त्यांच्या आयुष्याची शेवटची वर्षे येथेच गेली. ते राहत ती गंभीरा नावाची लहानशी खोली राधाकांत मठात जपलेली आहे. त्यांचे ज्येष्ठ सहचर हरिदास ठाकूर मुसलमान घरात वाढलेले. ते मंदिरात जात नसत. बकुळीखाली बसून नामस्मरण करीत आणि तेथून दिसणाऱ्या नीलचक्राला नमस्कार करीत. चैतन्य त्यांना भेटायला तेथे येत आणि त्यांच्याकडे महाप्रसाद पाठवीत. हरिदासांचे देहावसान झाले तेव्हा चैतन्यांनी स्वतः त्यांचा देह समुद्रकिनारी नेला, वाळूत समाधी दिली, आणि त्यांच्या निर्वाणोत्सवासाठी आनंदबाजारात पदर पसरून महाप्रसाद मागितला, असे चैतन्यचरित्रात आले आहे. ही समाधी स्वर्गद्वाराजवळ आहे आणि तिचे दार कोणालाही बंद नाही.

हरिदासांची गोष्ट प्रवेशबंदीच्या समर्थनासाठी सांगितली जाते. एवढा थोर भक्त बाहेर राहिला, त्याचे काय अडले, असा तो युक्तिवाद असतो. त्यात मोठीच गफलत आहे. हरिदास दूर राहिले ते स्वतःच्या नम्रतेने. एखाद्याने आपणहून पत्करलेली नम्रता हा त्याचा गुण असतो. तीच इतरांवर लादली की तो अपमान होतो. शिवाय त्या काळी हरिदासांना खरोखर निवड होती काय, हाही प्रश्न उरतोच. चैतन्यांनी जे केले त्याचे मोल याच संदर्भात कळते. दाराचा नियम बदलणे त्यांच्या हाती नव्हते, पण आपली पावले बाहेरच्या भक्ताकडे वळवणे त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी अखेरपर्यंत केले.

सिंहद्वारापासून गुंडिचा मंदिरापर्यंत जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा रुंद रस्ता म्हणजे बडदांड. आषाढ शुद्ध द्वितीयेला तिन्ही देव या रस्त्याने निघतात. रथ दरवर्षी नव्या लाकडाचे होतात: जगन्नाथाचा नंदिघोष सोळा चाकांचा, बलभद्राचा तालध्वज चौदा चाकांचा आणि सुभद्रेचा दर्पदलन बारा चाकांचा. निघण्यापूर्वी पुरीचा गजपती राजा सोन्याच्या मुठीच्या झाडूने रथ झाडतो. दोर ओढायला मात्र कोणी कोणाची जात विचारीत नाही, की धर्मही. गाभाऱ्यातील देव रस्त्यावर येतो, तेव्हा पाहणाऱ्याची पात्रता तपासणारे दारच उरत नाही.

याच रस्त्यावर सालबेगाची समाधी आहे. सतराव्या शतकातला हा ओडिया कवी मुघल सरदाराचा मुलगा, आई ब्राह्मण. त्याची जगन्नाथावरची भजने आजही ओडिशाच्या घराघरांत म्हटली जातात. तो वृंदावनाहून रथयात्रेला निघाला, वाटेत आजारी पडला, वेळेत पोचणार नाही म्हणून त्याने देवाला थांबण्याची विनवणी केली आणि नंदिघोष जागचा हलेना, अशी कथा आहे. तो आला, त्याने दर्शन घेतले, मग रथ चालला. त्याच्या समाधीपाशी रथ अजूनही थांबतो. ज्याची भजने देवापुढे म्हटली जातात तोच गाभाऱ्यात जाऊ शकत नव्हता, ही विसंगती ओडिया समाजाने लपवली नाही. उलट दरवर्षी रथ थांबवून तिची आठवण ठेवली.

पुरीचा समुद्र महोदधी या नावाने तीर्थ मानला जातो. स्वर्गद्वार हा किनाऱ्याचा गजबजलेला भाग. तेथेच स्मशान आहे, आणि चिता, खेळणी, चहाच्या गाड्या, स्नानाला आलेली कुटुंबे हे सारे जवळजवळ नांदते. परिसरात शंकराचार्यांच्या परंपरेतील गोवर्धन मठ आहे, कबीरपंथीयांचा मठ आहे, आणि बावली मठ आहे. गुरू नानकांच्या पुरीभेटीशी जोडलेल्या या मठात गोड्या पाण्याची विहीर आहे, खाऱ्या समुद्रापासून अगदी जवळ. पुरीच्या लाटा वेगाने फुटतात आणि पायाखालची वाळू ओढून नेतात. स्नान करायचे तर तेलुगूभाषक नुलिया कोळ्यांचे ऐकून करावे. टोकेरी टोपी घालून किनाऱ्यावर उभे असणारे हे लोक पिढ्यानुपिढ्या यात्रेकरूंना लाटांतून सांभाळून आणत आले आहेत.

दर्शनाच्या अधिकाराचा प्रश्न आता नीट मांडता येतो. निर्बंधाच्या बाजूचा सर्वांत बळकट विचार असा: मंदिर म्हणजे संग्रहालय नव्हे. जगन्नाथ येथे घरधनी म्हणून राहतो. त्याला उठवले जाते, न्हाऊ घातले जाते, जेवू घातले जाते. ज्येष्ठ पौर्णिमेला १०८ घड्यांनी स्नान झाले की तो आजारी पडतो आणि पंधरवडाभर अनवसरात राहतो. शबर विश्वावसूचे वंशज मानले जाणारे दैतापती तेव्हा त्याची शुश्रूषा करतात, आणि भल्याभल्या कर्मठालाही दर्शन मिळत नाही. ज्या वर्षी आषाढ अधिक मास येतो त्या वर्षी देव जुने शरीर टाकून नव्या लाकडात प्रवेश करतो. असा नवकलेवर सोहळा अलीकडे १९९६ आणि २०१५ मध्ये झाला. ज्याला घर आहे त्या घराला रीत असणारच, आणि पाहणे हा कोणाचा हक्क नसून यजमानाने दिलेली भेट आहे, असे ही बाजू म्हणते.

या विचारात तथ्य आहे. मूर्तीला वस्तू न मानता व्यक्ती मानण्याचा आदर त्यात आहे. पण तो विचार एका ठिकाणी अडतो. यजमान स्वतः काय करतो, याच्याकडे तो पाहत नाही. जगन्नाथाची सारी परंपरा सांगते की हा यजमान शबराच्या पूजेतून आला, बाहेर राहिलेल्यांसाठी रथ थांबवतो, वर्षातून एकदा घर सोडून रस्त्यावर येतो. मनाई यजमानाची की दारावरच्यांची, हा खरा प्रश्न आहे, आणि पुरीच्याच कथा त्याचे उत्तर दुसऱ्या पर्यायाकडे झुकवतात.

विसाव्या शतकात या प्रश्नाला नवे वळण मिळाले. मे १९३४ मध्ये महात्मा गांधींनी अस्पृश्यतेविरुद्धची पदयात्रा पुरीतूनच सुरू केली. हरिजनांना मनाई असलेल्या मंदिरात ते गेले नाहीत. १९३८ मध्ये कस्तुरबा दर्शन घेऊन आल्या, तेव्हा गांधींना तीव्र दुःख झाले. मार्च १९५५ मध्ये विनोबा भावे पुरीला आले. त्यांच्यासोबत एक फ्रेंच महिला होती. तिला प्रवेश नाही म्हटल्यावर विनोबा दारातूनच परत फिरले. आत जाण्याचा अधिकार असूनही, ज्याला तो नाही त्याच्यासाठी तो न वापरणे, हे दर्शनाविषयीचे तिसरेच मत होते. शेजाऱ्याला वगळून घेतलेले दर्शन अपुरे राहते, असे त्यात गृहीत होते. पंढरपुरात साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणाने विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडले होते. १९५८ मध्ये विनोबा पंढरपूरला गेले तेव्हा त्यांच्या अन्य धर्मीय सहकाऱ्यांसह त्यांना मंदिरात नेण्यात आले. ज्या चोखोबांना जिवंतपणी महाद्वाराबाहेर राहावे लागले, त्यांच्या समाधीवरूनच ही मंडळी आत गेली.

पुरीत जातीचा अडसर स्वातंत्र्यानंतर कायद्याने दूर झाला, धर्माचा राहिला. १९८४ मध्ये इंदिरा गांधींनाही प्रवेश मिळाला नाही आणि त्यांनी समोरच्या रघुनंदन ग्रंथालयातून मंदिर पाहिले. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वेशभूषेचे व वर्तनाचे नियम घालून सर्व धर्मांच्या लोकांना दर्शन देण्याचा विचार मंदिराने करावा, असे सुचवले. पण दारावरचा नियम बदललेला नाही.

म्हणून अहिंदू प्रवाशाने पुरीचा बेत आखताना पंचांग पाहणे हिताचे. ज्येष्ठ पौर्णिमेला स्नानवेदीवरचे देव बडदांडावरून दिसतात. आषाढ शुद्ध द्वितीयेला रथ निघतात, दशमीला परततात. एकादशीला, म्हणजे पंढरीत वारी पोचलेली असते त्याच दिवशी, सिंहद्वारासमोर उभ्या रथांवर देवांना सोन्याचे अलंकार चढवतात. त्याला सुनाबेश म्हणतात. त्यानंतर नीलाद्रीबिजेला देव मंदिरात परततो. लक्ष्मी मात्र तिला सोडून गेल्याच्या रागाने दार लावून घेते. जगन्नाथ बाहेर ताटकळतो, तिची मनधरणी करतो, रसगुल्ला देतो, आणि मगच त्याला आत घेतले जाते. तो रत्नसिंहासनावर बसला की पुढच्या ज्येष्ठापर्यंत बाहेरच्यांसाठी दारातला पतितपावन असतो.