जपणाऱ्याचा हक्क

२०१२च्या डिसेंबरात भानू अथैया यांनी आपलं ऑस्कर अकादमीला परत केलं. त्यामागे राग नव्हता की निषेध नव्हता. आपल्यामागे ती सोनेरी बाहुली नीट सांभाळली जाईल याची त्यांना खात्री वाटत नव्हती, इतकंच. घरच्यांवर हा भार नको आणि सरकारवर भरवसा नाही, अशी त्यांची सरळ भूमिका होती. २००४मध्ये शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक चोरीला गेलं. त्याचाही दाखला त्यांनी दिला होता.

परदेशात राहणाऱ्या तुम्हाआम्हाला ही गोष्ट दोन बाजूंनी भिडते. एकीकडे वाईट वाटतं. भारतीय व्यक्तीला मिळालेलं पहिलं ऑस्कर, तेही कोल्हापूरच्या मुलीला, आणि ते भारतात राहू नये? दुसरीकडे, खरं सांगायचं तर मनात कुठेतरी बरंही वाटतं. "तिकडे काही टिकत नाही हो," हे वाक्य आपण रविवारच्या जेवणावर इतक्यांदा म्हटलेलं असतं की अथैयांनी जणू त्यावर शिक्काच मारून दिला. ही दोन्ही मतं जरा बाजूला ठेवून मला प्रश्न विचारायचा आहे तो असा: एखादी वस्तू जपण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, आणि ती दुसऱ्याकडे सोपवणं ही आपल्या माणसांशी प्रतारणा ठरते का?

उत्तराआधी त्यांचं काम काय होतं ते पाहू. १९२९मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब चित्रकार. मुलगी लहान असतानाच गेले. कोल्हापूरही तसंच गाव. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर इथूनच सिनेमाकडे वळले होते. भानुमती मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेल्या, तिथे चित्रकार म्हणून नाव झालं. १९५३मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली होती. मासिकांसाठी कपड्यांची रेखाटनं करता करता त्या वेशभूषेत आल्या आणि तिथेच राहिल्या. 'सीआयडी', 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम', 'गाइड', 'आम्रपाली' अशी ती वाट 'लगान' आणि 'स्वदेस'पर्यंत जाते. 'लेकिन' आणि 'लगान'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

या वळणात एक किंमत दडलेली आहे. चित्राच्या कोपऱ्यात सही असते. पोलक्यावर, पगडीवर, पंचावर नसते. चित्रकार म्हणून त्या राहिल्या असत्या तर त्यांचं काम त्यांच्या नावानं भिंतीवर टांगलं गेलं असतं. वेशभूषेत मात्र काम उत्तम झाल्याची खूण हीच की ते कुणाच्या लक्षात येऊ नये. 'गांधी'मध्ये ब्रिटिश बाजूचे कपडे जॉन मोलो यांच्याकडे होते आणि भारतीय बाजू अथैयांकडे. १८९३मध्ये दक्षिण आफ्रिकेत आगगाडीतून उतरवला गेलेला सुटाबुटातला बॅरिस्टर आणि १९४८मधला पंचा नेसलेला वृद्ध, या दोन टोकांमधलं अर्ध्या शतकाचं स्थित्यंतर कापडातून दाखवायचं होतं. शिवाय कस्तुरबा, नेहरू, पटेल, आश्रमातली माणसं आणि रस्त्यावरची गर्दी. पाहणाऱ्याला वाटायला हवं की हे कपडे त्या माणसांनी त्या सकाळी स्वतःच घातलेत. "वा, काय वेशभूषा आहे!" असं मध्येच कुणाच्या तोंडून निघालं, तर तेवढ्यापुरता गांधी पडद्यावरून नाहीसा होतो.

अशा माणसाच्या हाती एप्रिल १९८३मध्ये पुरस्काराची बाहुली येते, तेव्हा तिचं मोल वेगळं असतं. जे काम दिसू नये म्हणूनच केलं, ते कुणीतरी पाहिलं याचा तो एकमेव ठोस पुरावा. आणि मग हा पुरावा हरवेल ही भीती समजू शकते. ती भीती निराधारही नव्हती. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट १९३१चा. त्याची एकही प्रत आज ठाऊक नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५चा मूक 'सावकारी पाश'ही हरवला. मुंबईतलं चित्रपट संग्रहालय उघडलं २०१९मध्ये, म्हणजे अथैयांच्या निर्णयानंतर सहा वर्षांनी.

पण इथे "तिकडे टिकत नाही" म्हणणाऱ्यांनी एक तारीख ध्यानात घ्यावी. अथैयांची बाहुली परत गेली त्यानंतर काही दिवसांतच, १ जानेवारी २०१३ला, नेदरलँड्सची राष्ट्रीय नाट्यसंस्था, थिएटर इन्स्टिट्यूट, बंद पडली. चोरी नाही, आग नाही; सरकारनं अनुदान थांबवलं. नेपथ्याच्या छोट्या प्रतिकृती, पोशाख, भित्तिपत्रकं, छायाचित्रं हा सगळा संग्रह अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठानं आपल्याकडे घेतला म्हणून वाचला. मी राहते त्या कापेल आन डेन आयसेलमध्ये, रॉटरडॅमला चिकटलेल्या गावात, ईसाला नावाचं नाट्यगृह आहे. इथल्या बहुतेक नाट्यगृहांसारखं तेही फिरत्या प्रयोगांवर चालतं. सामान मालमोटारीतून यायचं, दिवसा उभं राहायचं आणि प्रयोग संपल्यावर उतरून पुढच्या गावी जायचं. आपल्याकडची दौऱ्यावरची बस डोळ्यांपुढे आणा, म्हणजे फार फरक जाणवणार नाही. दौरे संपले की त्या सामानाचं काय करायचं हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. मी स्वतः मुदतीच्या करारावरची संशोधक आहे. प्रकल्पाचा निधी संपला की गोठवलेले नमुने कुठल्या शीतकपाटात आणि कुणाच्या खर्चानं राहणार, ही चर्चा श्रीमंत देशातल्या प्रयोगशाळेतही दरवर्षी होते. जपणं हा कुठल्या देशाचा स्वभाव नसतो. दरवर्षी नव्यानं पैसे मोजून घ्यावा लागणारा तो निर्णय असतो, आणि एखाद्या वर्षी तो घेतला जात नाही.

याच्या पुढे एक अवघड आक्षेप उभा राहतो. "आमच्याकडे सुरक्षित राहील," हा युक्तिवाद साम्राज्यांनीही केलेला आहे. युरोपातली संग्रहालयं याच बोलीवर दुसऱ्यांच्या वस्तू सांभाळत बसली. नेदरलँड्सनं २०२३मध्ये ४७८ वस्तू इंडोनेशिया आणि श्रीलंकेला परत देण्याचा निर्णय घेतला. त्यांत लोंबोकचा लुटलेला खजिना होता, कँडीची तोफ होती. त्या वस्तू इथे उत्तम जपल्या गेल्या होत्या. तरी त्या परत जायला हव्यात हे इथल्या सरकारलाही पटलं. मग अथैयांनी तोच युक्तिवाद उलट्या दिशेनं मान्य केला असं म्हणायचं का?

मला तसं वाटत नाही. तोफ नेताना कँडीला कुणी विचारलं नव्हतं. अथैयांनी मात्र स्वतःची वस्तू, स्वतः हयात असताना, स्वतःच्या हातानं दिली, आणि जिथून मिळाली तिथेच दिली. शिवाय ती वस्तू पुरती खासगी कधी नव्हतीच. १९५०पासून विजेत्यांवर अट आहे, की बाहुली विकायची झाली तर आधी ती अकादमीला एका डॉलरला देऊ करावी लागते. जपणुकीचा मुद्दा दोन्हीकडे खरा आहे, पण तो वस्तूच्या धन्यानं मांडला तर विवेक ठरतो आणि घेणाऱ्यानं मांडला तर सबब. देशाचा हक्क कुठे येतो? माझ्या मते तो जन्मभूमीच्या नात्यानं आपोआप मिळत नाही. जो सांभाळायची तयारी आधी दाखवतो, त्याला मागायचा अधिकार येतो. १९८३ ते २०१२ अशी एकोणतीस वर्षं ती बाहुली मुंबईतच होती.

तरीही एका गोष्टीनं मन पुरतं निवत नाही. सगळ्यांनीच असा शहाणा हिशेब केला तर आपल्याकडचं संग्रहालय कधी उभंच राहणार नाही. कुणीतरी आधी विश्वास टाकावा लागतो, तेव्हा विश्वासाला पात्र ठरायची संधी मिळते. हे खरं आहे. पण तो धोका पत्करायची सक्ती त्र्याऐंशी वर्षांच्या बाईवर करता येत नाही. तो पत्करायचा तो तिच्यापेक्षा तरुण, सधन आणि संख्येनं जास्त असलेल्यांनी, म्हणजे तुम्हीआम्ही.

आणि त्यासाठी आधी एक घोळ निस्तरायला हवा. बाहुली म्हणजे काम नव्हे. तिला सुरक्षित घर मिळालं, पण सिनेमातले किती पोशाख उसवून, रंगवून, भाड्यानं देऊन संपतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. अथैयांना हे कळत असावं. २०१०मध्ये, म्हणजे बाहुली परत करण्याच्या दोन वर्षं आधी, त्यांनी आपल्या कामावर 'द आर्ट ऑफ कॉस्च्युम डिझाइन' हे पुस्तक काढलं. कापड टिकलं नाही तरी ते का निवडलं आणि कसं शिवलं हे कागदावर राहावं, याची सोय त्यांनी स्वतःच केली. २०२०च्या ऑक्टोबरात त्या गेल्या. बाहुलीच्या बातम्या पुन्हा छापून आल्या. पुस्तक किती जणांनी उघडलं असेल?

आपल्या मंडळांच्या नाटकांत हा प्रश्न छोट्या प्रमाणात दरवर्षी येतो. गणपतीत नाटक बसतं. कुणीतरी जुन्या पडद्यांतून अंगरखे शिवतं, कुणी पुठ्ठ्याचा वाडा उभा करतं, कुणी दहा जणींना नऊवारी नेसवतं. पत्रिकेत लेखक, दिग्दर्शक आणि कलाकारांची नावं असतात. वाडा पुनर्वापराच्या डब्यात जातो, अंगरखे कुणाच्या तरी माळ्यावर. तीन वर्षांनी नवी कार्यकारिणी येते आणि सगळं पहिल्यापासून.

यावर मोठा उपाय माझ्यापाशी नाही, लहान आहे. पत्रिकेत शिवणाऱ्याचं आणि नेपथ्य करणाऱ्याचं नाव घाला. वाडा मोडण्याआधी त्याचे चारही बाजूंनी फोटो काढा, मापं लिहून ठेवा. अंगरख्याच्या आत कापडाची पट्टी शिवा, तिच्यावर नाटक, वर्ष आणि करणाऱ्याचं नाव. हे सगळं एका पेटीत ठेवा आणि पेटी कुणाकडे आहे ते इतिवृत्तात नोंदवा, म्हणजे नव्या कार्यकारिणीला ती मागता येईल. खर्च फारसा नाही, एक संध्याकाळ जाईल. पण उद्या "हे आपलं आहे" असं म्हणायची वेळ आली, तर दाखवायला हातात काहीतरी असेल.