लेंकराचा पहिला प्रश्न

गोदाकांठच्या आपल्या परभणी जिल्ह्यांत, गंगाखेडास म्हणा कीं पाथरीस म्हणा, सात-आठ वर्षांचें एक मूल सवंगड्याच्या घरीं खेळावयास गेलें आहे असें समजा. तहान लागते म्हणून दोघेंही पाणी मागतात. सवंगड्यास पेला मिळतो; ह्यास मात्र ओंजळ धरावयास सांगून वरून पाणी ओतितात. मूल घरीं येऊन विचारतें, “आई, मला पेला कां नाहीं दिला?” आई म्हणते, “बाळा, असेंच असतें. पुन्हां तेथें पाणी मागूं नको.” आईच्या मायेविषयीं संशय नाहीं. परंतु ह्या उत्तरानें मुलाचें हित झालें कीं अहित, ह्याचा आज विचार करूं.

डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनीं आपल्या बालपणाची एक हकीकत लिहून ठेविली आहे. 1901 सालीं ते नऊ-दहा वर्षांचे होते व साताऱ्यास राहत होते. वडील गोरेगांवीं सरकारी कामावर खजिनदार होते. त्यांस भेटण्याकरितां हीं मुलें नवे कपडे घालून मोठ्या आनंदानें आगगाडीनें मसूर स्टेशनावर उतरलीं. वडिलांस पत्र वेळेवर न कळल्यामुळें न्यावयास कोणी आलें नव्हतें. स्टेशनमास्तरानें ममतेनें चौकशी केली. भीमरावांनीं आपली जात सरळ सांगितली, तोंच त्याचा चेहरा पालटला. भाड्याच्या गाड्या पुष्कळ होत्या, पण ह्या मुलांस कोणी घेईना. अखेरीस दुप्पट भाडें देऊन, मुलांनींच बैल हांकावे व गाडीवानानें पायीं चालावें, असें ठरलें. जवळ जेवण होतें, पण पाणी नव्हतें. रात्रीं जकात नाक्यावर पाणी मागतांना आपण मुसलमान आहों असें सांगा, असें गाडीवानानें शिकविलें. मुलानें तसें सांगितलें, तरी पाणी मिळालें नाहीं. मुलें उपाशीं व तहानेलीं गाडींत निजलीं.

पुढें ते लिहितात कीं, आपण अस्पृश्य आहों हें त्यांस ह्यापूर्वींही ठाऊक होतें. शाळेंत ते गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसत, आणि शिपायानें नळ सोडला तरच त्यांस पाणी मिळे. परंतु तें सर्व त्यांस जगाची रीतच वाटे. त्याचा विचार करावयास त्यांस ह्या प्रवासानें लाविलें. म्हणजे अन्याय रोज घडत असतांही मनुष्यास तो अन्याय म्हणून दिसेलच असें नाहीं. संवय ही त्यावर पांघरूण घालिते. मुलाचा ‘कां?’ हा प्रश्न तें पांघरूण ओढून काढितो. आई जेव्हां ‘असेंच असतें’ म्हणते, तेव्हां ती नकळत तें पुन्हां नीट पसरिते.

आणखी एक गोष्ट पाहा. सायंकाळीं सरळ खरें बोलणारें मूल त्याच रात्रीं आपलें नांव लपवूं लागलें. खरें बोलून गाडी दुरावली. खोटें बोलूनही पाणी मिळालें नाहीं. त्या असत्याचा दोष कोणावर ठेवावा? ज्या समाजानें खरेपणास एवढी जबर किंमत लाविली, त्याच्या पदरीं त्याचा मोठा वांटा पडतो, असें मला वाटतें.

कोणी म्हणेल, गरिबानें पोटासाठीं दुसऱ्याच्या शेतांत राबावयाचें. त्यानें लेंकरास भांडावयास शिकवावें काय? ही शंका खरी आहे. आईची भीति अनुभवाची आहे. पण ‘सांभाळून राहा’ म्हणणें निराळें, आणि ‘असेंच असतें’ म्हणणें निराळें. पहिल्यानें मुलाचा जीव राखला जातो. दुसऱ्यानें त्याचें मन मोडतें. आईनें म्हणावें, “बाळा, चूक त्यांची झाली, तुझी नव्हे. तूं कोणापेक्षां हलका नाहींस.” 26 जानेवारी 1950 पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नाहींशी केली आहे, हेंही त्यास समजेल अशा शब्दांत सांगावें.

मुलाचा प्रश्न दाबला नाहीं म्हणजे काय होतें, ह्याचा दाखला जुना आहे. 1855 सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत मुक्ता नांवाच्या मांग समाजांतील मुलीचा निबंध छापून आला. ती पुण्यास जोतीराव फुले ह्यांच्या शाळेंत शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीं तिनें निर्भयपणें लिहिलें. कारण तिचें ऐकून घेणारे शिक्षक तिला लाभले होते.

शेवटीं आपल्या घराकडे वळूं. ओंजळींत पाणी ओतणाऱ्या घरांतील मूलही तेथें सर्व पाहत असतें. सवंगड्यास पेला न देण्याची रीत तें जन्मतः जाणत नाहीं. वडील मंडळीच ती शिकवितात. आपल्या मंडळींतही, पूर्वीं अमक्या जातीचे म्हणून कोणाच्या घरीं जेवावयास आपण कचरतों काय? कोणाच्या मुलीस सून करून घेण्यास मागें सरतों काय? तर मग आपलींही लेंकरें तें पाहून शिकत आहेत. शोमरोनी स्त्रीजवळ प्रभूनें विहिरीवर स्वतः पाणी मागितलें, हें आपण उपदेशांत सांगतों. तें घरांतील माठाजवळही खरें ठरावें. आज कोणाचेंही मूल आपल्या दारीं तहानेलें आलें, तर त्यास आपल्या मुलाच्याच पेल्यांत पाणी द्यावें, आणि तें आपल्या मुलाच्या देखत द्यावें.