घर सोडावे की घर न्यावे?

वारकरी संप्रदायाने विद्येला वयाची अट कधी घातली नाही. टाळ हाती घ्यायला जसे वय लागत नाही, तसे ज्ञानेश्वरी उघडायलाही लागत नाही. म्हणूनच एखाद्या माळकऱ्याला चाळिशी उलटल्यावर वाटू लागते, की आजवर कीर्तनात मागे उभे राहून चाली म्हटल्या, पण अर्थ काही हाती लागला नाही. आता आळंदीस जावे, तेथे बिऱ्हाड करावे, चार वर्षे पाठाला बसावे आणि जन्माचे सार्थक करून घ्यावे. इच्छा चांगली आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु तिच्या पोटात एक प्रश्न दडलेला असतो आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पाऊल उचलणे बरे नव्हे. तो प्रश्न असा, की ही चार वर्षे कोणाची? एकट्या बुवांची, की घरातल्या साऱ्यांची?

समजा, आपल्या जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीकडचा असा एक गृहस्थ आहे. चार-पाच एकर रान, त्यात थोडी मोसंबी, बाकी कापूस आणि तूर. घरात म्हातारी आई, बायको, शाळेत जाणारी दोन लेकरे. तो आळंदीला निघाला म्हणजे रान बटाईने जाते, बैल विकावे लागतात, लेकरांचे शाळेतून नाव काढावे लागते. आईला विचारावे लागते, की बाई, तू येतेस की राहतेस? बायकोचा शेजार सुटतो, माहेर लांब पडते. बुवांची ती साधना झाली, पण बाकीच्यांची ती नुसती उचलबांगडी होऊ नये, एवढाच आमचा मुद्दा आहे.

वैकुंठवासी विष्णुबुवा जोग महाराज यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, तो उपकार संप्रदाय विसरणार नाही. त्याआधी कीर्तन-प्रवचनाची विद्या बहुधा फडांच्या आणि घराण्यांच्या आश्रयाने चाले. महाराजांनी ती शेतकऱ्याच्या पोरालाही खुली केली. चार वर्षांचा अभ्यास, माधुकरीचे अन्न आणि गुरुजनांचा पाठ अशी ती घडी बसली. पण ही घडी सड्याफटिंग विद्यार्थ्याला धरून बेतलेली होती, हे लक्षात घेतले पाहिजे. स्वतः जोग महाराज ब्रह्मचारी, आणि त्यांचे शिष्य मामासाहेब दांडेकरही ब्रह्मचारीच. झोळीत पडलेला तुकडा एकट्याचे पोट भरतो. पाच माणसांचे बिऱ्हाड झोळीवर चालत नाही, आणि चालवूही नये.

आता कोणी म्हणेल, अहो, एवढा हिशेब करीत बसले तर परमार्थ व्हायचा केव्हा? आपल्याच जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास पाहा! लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडला आणि ते निघाले. त्यांनी कोणाला विचारले?

यावर आमचे उत्तर असे. परंपरा सांगते, की समर्थ निघाले तेव्हा अंतरपाट दूर झाला नव्हता. त्या मांडवातल्या मुलीचे पुढे काय झाले, हा विचार आपल्या मनात आल्यावाचून राहत नाही, तो यावाच. तरी समर्थांनी तिचा हात हाती घेतला नव्हता, एवढे खरे. ज्याने हात घेतला, सप्तपदी चालली, लेकरांच्या तोंडात घास भरविला, त्याला समर्थांचा दाखला लागू पडत नाही. ‘सावधान’ हा शब्द त्याच्याही कानी पडला होता. त्या वेळी तो थांबला. आता त्याची सावधानता वेगळी असली पाहिजे.

त्याला खरा लागू पडणारा दाखला आहे विठ्ठलपंतांचा. शेजारच्या पैठण तालुक्यातले गोदाकाठचे आपेगाव हे त्यांचे गाव. तेथून ते आळंदीस सिद्धोपंतांच्या घरी येऊन राहिले, म्हणजे आपल्या भागातून आळंदीला बिऱ्हाड हलविणारे ते आपले पूर्वजच म्हणायचे. वैराग्य मूळचेच होते. संन्यासाला पत्नीची संमती लागते, आणि ती त्यांना मिळाली ती रुक्मिणीबाईंचे लक्ष नसताना. गंगास्नानास जातो असे ते म्हणाले, जा असे त्या म्हणाल्या, आणि विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले, अशी कथा सांगतात.

माउलींच्या वडिलांविषयी बोलताना जीभ जपून वापरली पाहिजे, हे आम्हांस कळते. परंतु येथे निवाडा आम्ही करीत नाही, तो त्यांच्या गुरूंनीच केला. आळंदीस आलेल्या त्या स्वामींनी नमस्कारास वाकलेल्या रुक्मिणीबाईंना पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. मग सारी हकिगत कळताच त्यांनी शिष्याला परत गृहस्थाश्रमात धाडले. गुरूजवळ ज्ञानाला तोटा नव्हता, शिष्याजवळ वैराग्याला तोटा नव्हता. मग अडले कोठे? अडले ते आळंदीत पिंपळाला प्रदक्षिणा घालीत राहिलेल्या एका बाईपाशी. तिला वगळून मिळविलेला संन्यास गुरूंना पूर्ण वाटला नाही. पुढे समाजाने त्या कुटुंबाचा जो छळ केला तो समाजाचा अपराध, गुरुआज्ञेचा नव्हे. आणि त्या आज्ञेतूनच निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार लेकरे आपल्याला मिळाली, हे कोणत्या वारकऱ्याने विसरावे?

मग बायको-पोरांना बरोबर नेले म्हणजे झाले का? तेवढ्यानेही होत नाही. बैलगाडीत सामान भरतात तशी माणसे भरून नेली, तर देह आळंदीत आणि जीव गावाकडे, अशी त्यांची गत होते. नेणे म्हणजे काय, ते चोखोबांच्या घरी पाहावे. जालन्याच्या शिवेला लागून असलेल्या देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणाराजा हे परंपरेने त्यांचे जन्मगाव. आयुष्य गेले ते मंगळवेढ्याला, पंढरीच्या सावलीत. गावकुसाबाहेरचे घर, मेलेली ढोरे ओढण्याचे काम, देवळाच्या पायरीपुढे जाण्याची बंदी. तरी त्या घरात अभंग करणारे एकटे चोखोबा नव्हते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा या साऱ्यांचे अभंग आज आपल्या गाथ्यांत आहेत. विठ्ठल घरात आला तो एकट्या कर्त्या पुरुषाचा होऊन आला नाही.

त्यातही कर्ममेळ्याकडे विशेष पाहावे. त्याच्या अभंगांत देवाशी गोड बोलणे थोडे आणि जाब विचारणे फार. आमच्या वाट्याला हे असले जिणे का दिलेस, असा त्याचा रोख आहे. बापाचा देव त्याने मुकाट्याने डोक्यावर घेतला नाही, भांडून घेतला. आणि संप्रदायाने ते भांडण पुसून टाकले नाही, जपून ठेवले. तेव्हा ज्या घरात लेकराला ‘बाबा, मला नाही जायचे’ असे म्हणता येते आणि बाप ते ऐकून घेतो, त्या घरात परमार्थाची सुरुवात आळंदीला पोचण्याआधीच झाली, असे आम्ही म्हणू.

आता दुसरी गोष्ट, जरा कडू आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरचे पाणी घालून जगविलेली झाडेही गेली. अशा वेळी कर्जाने गांजलेल्या माणसाला घरदार नकोसे होते, आणि त्याला वाटते आपल्याला वैराग्य आले. बाबांनो, वैराग्य निराळे आणि वैताग निराळा. वैताग चार पावसांनी ओसरतो. वैराग्य बाग बहरली तरी टिकते. सोसायटीचे कर्ज मागे ठेवून आळंदीला गेलेल्या माणसाच्या पाठीमागे ते कर्जही येते. तेथे खोलीचे भाडे, किराणा, लेकरांची फी ही नवी तोंडे उघडतात. मग दोन वर्षांचा पाठ होतो न होतो, तोच कीर्तनाच्या तारखा घ्याव्या लागतात. बिदागी आधी ठरवावी लागते, आणि लोकांना रुचेल तेच बोलावे लागते. कीर्तनाचे मोल घेऊ नये ही तुकोबांची शिकवण शिकायला जो गेला, त्याच्याकडूनच ती मोडली जाते. पण म्हणून केवळ तो लोभी ठरत नाही. घरची चूल त्याला तसे करायला लावते. म्हणून चुलीची तजवीज आधी करावी. रान बटाईने गेले तर वर्षाचे धान्य येईल का, हे पाहावे. देणे फेडूनच निघावे.

आणि तिसरी गोष्ट. बायको तेथे काय करणार? भाकरी थापणार, एवढेच उत्तर असेल, तर जाऊ नये. गावी ती तेच करीत होती, निदान आपल्या माणसांत करीत होती. पण बुवा पाठाहून आले, की सांजेला ती आणि लेकरे जवळ बसतील, त्या दिवशीची ओवी त्यांना समजावून सांगितली जाईल, आणि त्यांच्या शंकांना उत्तर देता देता बुवांनाच ती नव्याने कळेल, असा बेत असेल तर खुशाल जावे. मुक्ताईने थोरल्या भावाला चार शब्द सुनावले होते. घरातल्या बाईने शंका विचारणे हे आपल्या संप्रदायाला नवे नाही.

हे जमत नसेल तर? तर खंत करू नये. नाथमहाराज देवगिरीस जनार्दनस्वामींजवळ शिकले, आणि गुरूंच्याच आज्ञेने पैठणला गिरिजाबाईंसह संसार करीत राहिले. तुकोबांनी देहूत राहून, जवळच्या भंडाऱ्यावर बसून संतवचने पाठ केली. आळंदीला चातुर्मासात महिनाभर जाऊन पाठ ऐकता येतो. गावच्या पारावर चार जण जमून रोज पाच ओव्या अर्थासह वाचता येतात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास. रोज पाच म्हटल्या तरी पाच वर्षांत ग्रंथ पुरा होतो, आणि म्हातारीलाही तो बाजेवर पडल्या पडल्या ऐकू येतो.

तात्पर्य, जावे की राहावे हे ज्याचे त्याने ठरवावे, पण एकट्याने ठरवू नये. ज्या रात्री हा विचार पक्का होईल, त्या रात्री घरातल्या सर्वांना जवळ बसवावे आणि विचारावे. ‘जा’ एवढा एक शब्द मिळाला म्हणून उठू नये. ‘चला’ असे घर म्हणेल तेव्हा निघावे. तोवर पांडुरंग काही थांबायला कंटाळत नाही. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, म्हणून त्याने देवाकडे वीट फेकली, आणि देव अजून तिच्यावर उभा आहे.