छप्पर उघडणारे चौघे

शास्त्रपाठ : मार्क 2:1-12

कफर्णहूमच्या त्या घरी प्रभू वचन सांगत होता आणि दाराशीही जागा उरली नव्हती. जमलेली माणसे काही वाईट नव्हती. वचन ऐकावयासच आली होती. तरी त्यांच्या गर्दीमुळे पक्षघाती मनुष्य बाहेर राहिला.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातही असे एक दार आहे. 1 ऑक्टोबर 2022 रोजी देशात फाइव्ह-जी सुरू झाले, आणि पुढे ते वेगवान जाळे आपल्याकडेही आले. त्याचे उपकार आम्ही नाकारीत नाही. हैदराबादेस कामाला गेलेल्या मुलाचे तोंड आई बेल्यात बसून पाहते, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु 2025 च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालावयाचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी करून दिवस ठरवून घ्यावा लागला. लांब धाग्याचा भाव क्विंटलला 8,110 रुपये होता. ज्याच्या हाती साधा फोन, ज्याच्या आधारला बंद पडलेला नंबर, ज्याचे घर सिग्नल न पोहोचणाऱ्या डोंगराआड, त्याला त्या भावाचा काय उपयोग? दुकानाची उधारी थांबत नाही; तो दारी आलेल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात माल देतो. पिकविणारा तोच आणि दाराबाहेरही तोच! खंडाने जमीन करणाऱ्याची अडचण तर निराळीच.

त्या चौघांची नावे शुभवर्तमानात नाहीत. गर्दीला दोष देत ते परत गेले नाहीत. बाज घेऊन छपरावर चढले. आणि मार्क सांगतो की प्रभूने विश्वास पाहिला तो त्या सर्वांचा, एकट्या रोग्याचा नव्हे.

आमच्या मंडळ्यांत असे चौघे मिळणार नाहीत काय? तरुण आहेत, आणि फोन तर उपासनेतही वाजतात. (त्याविषयी पाळकसाहेब स्वतंत्र बोलतीलच.) मात्र बाज उचलणाऱ्यावर रोग्याचा सारा भार असतो. म्हातारा काका विश्वासाने ओटीपी वाचून दाखवितो, पासबुक हाती देतो. तेथे जीभ आणि हात दोन्ही स्वच्छ हवेत. नोंदणीचे शंभर रुपये मागणारा बाज वाहत नाही, भाडे घेतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मोठ्या वर्गाला हा पाठ देताना विचारावे, आपल्या गल्लीत बाजेवर कोण आहे? वेचणी दसऱ्याच्या सुमारास लागते. आधारचा नंबर बदलावयास केंद्रात जावे लागले तर एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून ही विचारपूस श्रावणातच व्हावी, आणि सोबत कोणी तरी जावे.