कारणाचा रकाना

शेतकऱ्याच्या घरात हत्यार असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. विळा, खुरपं, कोयता, कुऱ्हाड, पहार, यातलं काहीही माणसाच्या जिवावर बेतू शकतं. आमच्याकडचे सुतार-लोहार तर आपल्या अवजारांनाच हत्यारं म्हणतात. खंडेनवमीला आम्ही ही सगळी धुऊन-पुसून ओळीनं मांडतो, हळदकुंकू लावतो, झेंडूची फुलं वाहतो. त्या ओळीत गेली तीस वर्षं माझी एकनळी बारा बोअरची बंदूकही असते. कोयता आणि बंदूक शेजारी शेजारी बघून माझ्या मनात कधी काही आलं नाही. आलं ते 2024 च्या पावसाळ्यात, एक जुनं रिव्हॉल्व्हर विकत घ्यायचा योग आला तेव्हा. नुसतं आवडलं म्हणून हत्यार घरात ठेवावं का, एवढाच प्रश्न होता. पण त्यानं दोन महिने माझी झोप खाल्ली.

आधी बंदुकीचं सांगतो. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. आलं, घेवडा, ऊस ही पिकं. रानडुकरांचा कळप एका रात्रीत आल्याचे वाफे नांगरल्यासारखे उलथून टाकतो. म्हणून पीक राखणीसाठी मी परवाना काढला. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळं बार बहुतेक हवेतच. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणायची. त्या वर्षी तर लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा अशी दोनदा वारी झाली. म्हणजे ही बंदूक माझी असली तरी पुरती माझी नाही, हे मला ठाऊक होतं. त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

आता रिव्हॉल्व्हर. शेजारच्या गावात एक जुना इनामदारांचा वाडा आहे. त्या घरातला नातू पुण्यात नोकरी करतो. त्याचे वडील वारले. परवाना त्यांच्या नावावर होता. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करावं लागतं. त्यानं साताऱ्यात एका दुकानी जमा केलं. वारस म्हणून स्वतःच्या नावावर परवाना मागायची सोय त्याला होती, पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्याला ते नको होतं. फोनवर मला म्हणाला, "काका, तुमच्याकडे परवाना आहे, लोखंडातलं तुम्हाला कळतं. आजोबांची वस्तू चांगल्या घरात राहील." सांगितलेली किंमत एका बऱ्या खिलार जोडीएवढी होती. आल्याला दर चांगला लागला होता, पैसे खात्यावर होते. 2019 साली कायदा बदलला, तेव्हापासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. माझ्याकडं एकच होती. म्हणजे पैसाही होता आणि जागाही होती.

मी बघायला गेलो. दुकानदारानं फडक्यातून काढून काचेवर ठेवलं. किलोभर वजन, साडेपाच इंची नळी, मुठीच्या तळाला दोरी ओवायची कडी. नळीच्या खालच्या अंगाला इंग्रजीत कोरलेलं, 'युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी'. स्मिथ अँड वेसनचं 1917 चं मॉडेल. त्याची हकिकत थोडी दुकानदारानं सांगितली, थोडी मी नंतर वाचून काढली. पहिल्या महायुद्धात अमेरिका एप्रिल 1917 मध्ये उतरली. फौज वाढली आणि तिला द्यायला .45 बोअरची पिस्तुलं पुरेनात. तेव्हा कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन कारखान्यांना सांगण्यात आलं, की तुमच्याकडं मोठ्या चणीची रिव्हॉल्व्हरं आहेत, त्यांतूनच पिस्तुलाचं काडतूस उडेल असं करा.

यात एक अडचण होती. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, तांब्याच्या ओठासारखी. त्या कडेवर ते चक्राच्या घरात अडकून बसतं, आणि बार झाल्यावर रिकामी पुंगळी बाहेर ढकलायची तीही त्याच कडेला धरून. पिस्तुलाचं काडतूस मुठीतून सरकत वर यायचं असतं, म्हणून त्याला अशी कड नसते. ते रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं तर बाहेर काढताना धरायला काही सापडत नाही. यावर तोड काढली पत्र्याच्या तुकड्याची. चंद्रकोरीसारखा पोलादी पत्रा, त्याच्या खाचांत तीन काडतुसं बुडाशी अडकवायची. असे दोन तुकडे घातले की सहा घरं भरली, आणि काढताना पत्र्यासकट सगळी एकदम बाहेर. या युक्तीवर दोन्ही कारखान्यांनी मिळून तीन लाखांच्या आसपास रिव्हॉल्व्हरं काढली.

दुकानदारानं तसा एक पत्रा माझ्या हातावर ठेवला. खरं सांगतो, मी तिथंच अर्धा गळालो. आयुष्यभर मी पंपाच्या वायसरी ट्यूब कापून बसवल्या, एका कंपनीच्या पेरणीयंत्राला दुसऱ्या कंपनीचे फण जोडले. शंभर वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडं कुणा मिस्त्रीनं माझ्यासारखंच डोकं चालवलं होतं. चक्र हातानं फिरवलं तर प्रत्येक घर टक टक करत बरोबर नळीसमोर येऊन थांबत होतं. अशी वस्तू कुणी सांभाळली नाही तर कुठंतरी गंजून जाईल, नाहीतर भट्टीत जाईल, असं वाटून गेलं. दुकानदार म्हणाला, "याची काडतुसं आता मिळणं मुश्कील. आपल्या सरकारी कारखान्यातून लोकांना मिळतात ती .32 ची. तुम्हाला हे नुसतं ठेवायचंच आहे." मला ते ऐकून बरंच वाटलं. काडतूस नाही म्हणजे पापही नाही, असा मी हिशेब केला.

हिशेब अडला तो अर्जावर. परवान्यात दुसरं हत्यार चढवायचं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. आमच्या भागात एक निवृत्त कारकून असले कागद भरून देतात. ते भराभर लिहीत गेले आणि एका रकान्यावर थांबले. हत्यार कशासाठी हवे? मी म्हणालो, "जुनं आहे, कारागिरी चांगली आहे, म्हणून." ते हसले. म्हणाले, "नाना, असं लिवलं तर साहेब म्हनतील, मग फोटो लावा की भिंतीला. आत्मसंरक्षण लिवा. समदी तेच लिवत्यात."

मी कागद घेऊन घरी आलो. आत्मसंरक्षण म्हणजे स्वतःला वाचवणं. कुणापासून? एवढं लिहून भागत नाही. ठाण्यातून चौकशीला माणूस येतो, धोका कुणाचा आहे ते विचारतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो. मी नाव घेतलं नाही तरी गाव घेईल. माझं आणि माझ्या चुलतभावाचं बांधावरून वैर आहे. दोन फूट रुंदीच्या बांधासाठी नऊ वर्षं कोर्टात तारखा चालल्यात. पण त्याच्या पोरीच्या लग्नाला मी अक्षता टाकायला गेलो होतो, आणि माझी आई गेली तेव्हा खांदा द्यायला तो पहिला होता. आमच्या भांडणात आजवर बांधाचा दगड हलला, शिव्या झाल्या, वकिलाची धन झाली. भीती मात्र कधी नव्हती. आता एक सुबक वस्तू घरात आणायची म्हणून मी सरकारी कागदावर भीती लिहून देणार, आणि ती भीती त्याच्या दारात जाऊन उभी राहणार. त्याला कळणारच, की यानं रिव्हॉल्व्हर घेतलं. ते 1917 चं आहे, त्याला काडतुसं मिळत नाहीत, त्यातला चंद्रकोरीचा पत्रा बघण्यासारखा आहे, हे त्याला कोण सांगणार? तोही उद्या कारकुनाकडं जाऊन तोच रकाना भरेल. आणि त्याचं कारण खरं असेल, कारण ते मी दिलेलं असेल.

रात्री हे सगळं बायकोला सांगितलं. तिनं एकच विचारलं, "भ्या कुनाचं हाय तुमास्नी?" मी म्हणालो, कुणाचंच नाही. "मग न्हाई तेवडं भ्या पैकं मोजून कशाला आनायचं?" आणि ती भाकरी थापायला लागली.

तुम्ही म्हणाल, कागदावरच्या एका शब्दाचं एवढं काय! खोटं कोण लिहीत नाही? पीकविम्याच्या अर्जात, रेशनच्या अर्जात लोक काय काय लिहितात. ते मलाही माहीत आहे. पण इथं तो शब्द खोटा आहे एवढ्यानं माझं अडलं नव्हतं. हत्याराचं कारण खोटं लिहिलं तर हळूहळू खरं व्हायला लागतं, असं मला वाटतं. बैल घेतला की माणूस वैरणीची जागा शोधतो. कमरेला रिव्हॉल्व्हर आलं की माणूस धोका शोधू लागेल. कुत्रं भुंकलं की मी उठून डुक्कर आलं का बघतो. उद्या माणूस आला का बघेन. बाराबोअर रानाकडं तोंड करून उभी असते. रिव्हॉल्व्हर ना डुकराच्या कामाचं, ना पाखराच्या. ते घडवलंय ते दहा-वीस पावलांवरच्या माणसासाठी. त्याची कारागिरी कितीही निर्मळ असली तरी तिचं तोंड तिकडंच आहे.

आमच्या सातारा जिल्ह्याला हत्याराचं वावडं नाही. अपशिंगे गावाला तर लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. आमच्या गावातही घरटी एक फौजी. त्यांतल्या एका सुभेदारांना मी विचारलं. म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं रायफल हातात होती. ड्यूटी संपली की कोतात जमा, सही करून. सकाळी पुन्हा सही करून घ्यायची. माझी अशी एकही नव्हती, म्हणून पेन्शनीत सुखानं झोपतो." पत्री सरकारच्या दिवसांत तुफान सेनेतल्या माणसांनी जीव धोक्यात घालून हत्यारं मिळवली. त्यांना कुणी रकाना दिला असता तर त्यांचं कारण एका ओळीत लिहून झालं असतं. पांडवांनीसुद्धा अज्ञातवासात जाताना शस्त्रं शमीच्या झाडावर बांधून ठेवली आणि वेळ आल्यावर उतरवली. मधलं वर्षभर त्यांच्याकडं शस्त्राचं कारण नव्हतं, म्हणून शस्त्रही जवळ नव्हतं.

मग कारागिरीचं काय? जुनी वस्तू जपण्याचं काय? हा प्रश्न मला सोडत नव्हता. त्याच जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात उसनी आली. नातवाला घेऊन मी बघायला गेलो. गर्दी होती. काचेपलीकडं ती पोलादी नखं, आणि अलीकडं लेकुरवाळ्या बाया, शाळेची पोरं, माझ्यासारखे टोपीवाले. बघायला कारण लिहून द्यावं लागत नव्हतं. तिथं मला उमगलं की मला ते रिव्हॉल्व्हर बघायला हवं होतं, चक्र फिरवून टक टक ऐकायला हवं होतं. ते माझ्या कपाटात असायची त्यासाठी गरज नव्हती. कायदाही एका ठिकाणी असंच काहीसं म्हणतो. जुन्या किंवा मोडक्या हत्याराला परवान्यातून सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही बार काढू शकणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. मी स्वतःला विचारलं, नळी बुजवून, घोडा कापून कुणी ते मला दिलं तर मी एवढे पैसे देईन का? आतून उत्तर आलं, नाही. म्हणजे काडतूस नको म्हणणाऱ्या मला बार निघण्याची ताकद मात्र हवी होती. कारागिरीच्या प्रेमाखाली हे दडलेलं होतं.

आणखी एक गोष्ट बोलायला जड जाते, तरी लिहितो. आमच्या पट्ट्यात कीटकनाशक पिऊन गेलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यातल्या कितीतरी जणांची ती वेळ एका संध्याकाळची होती. ती टळली असती तर सकाळी माणूस धार काढायला उठला असता. म्हणून औषधाचे डबे आम्ही घरात ठेवत नाही. रानातल्या खोलीला कुलूप असतं आणि किल्ली बायकोकडं. माझ्या घरात तरुण मुलगा आहे, त्याच्या डोक्यावर पॉलीहाऊसचं कर्ज आहे. वाईट वेळ आणि माणूस यांच्यात थोडं अंतर असावं, कुलपाएवढं का होईना. रिव्हॉल्व्हरनं ते अंतर बोटाएवढं होतं. काडतुसं मिळत नाहीत म्हणतात, पण शोधणाऱ्याला काय मिळत नाही?

मी इनामदारांच्या नातवाला फोन केला. म्हणालो, "बाळा, वस्तू लाखात एक आहे, पण माझ्याकडं तिला कारण नाही." तो थोडा हिरमुसला. आजोबांची वस्तू परक्याकडं जाणार याचं त्याला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं खोटं नव्हतं. मलाही चुटपुट लागली. पुढं ते दुकानदारामार्फत दुसऱ्या परवानाधारकाकडं गेलं. त्या माणसानं रकान्यात काय लिहिलं असेल, ते मी विचारलं नाही.

आल्याच्या पैशातून मी कुंपणाला झटका मशीन बसवलं. पहिल्याच रात्री त्याच्या तारेला चुलतभावाचं वासरू लागलं आणि तो तावातावानं बांधावर आला. आम्ही तासभर भांडलो. मग त्यानं विचारलं, मशीन केवढ्याला पडलं, आणि डुकरं थांबतात का. थांबतात म्हणालो. त्यालाही बसवायचंय म्हणाला. बांधावरून तार कुणाच्या हद्दीतून न्यायची, यावर सध्या आमची बोलणी अडली आहेत.