दाणे बसतात तेव्हा

काचेची बरणी घ्या. तिच्यात मोहरी ओता आणि समोर ठेवा. आता काही करू नका, नुसतं बघा.

एकही दाणा हलत नाही. पाण्याचे रेणू उष्णतेमुळे अखंड धावत असतात. दाण्याला मात्र ती उष्णता पुरत नाही. त्याला स्वतःच्या उंचीएवढं उचलायला लागणारी ऊर्जा, खोलीतल्या एका रेणूच्या वाट्याला येणाऱ्या ऊर्जेच्या लाख कोटी पटींहून जास्त आहे. म्हणून दाणा पडला तिथेच राहतो.

बरणीला हलका ठोका द्या. पातळी किंचित उतरली. थांबा, दाणे निवांत होऊ द्या. मग पुन्हा ठोका.

१९९५ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी उभ्या नळीत काचेचे मणी भरून असेच हजारो ठोके दिले. सुरुवातीला मण्यांनी नळीतली सुमारे ५८ टक्के जागा व्यापली होती. मणी दाटत गेले, पण फार सावकाश: शंभर ठोक्यांपर्यंत जे साधलं, तेवढ्याच पुढच्या मजलेला हजारांची गरज पडू लागली.

असं का व्हावं? इथे थोडं रेंगाळा. एक मणी खाली उतरायला मण्याएवढी पोकळी लागते. दाटी वाढली की तेवढी जागा आयती मिळत नाही. भोवतालच्या अनेकांनी एकाच वेळी थोडं थोडं सरकावं लागतं, आणि तसा योग क्वचितच जुळतो.

मग ठोक्यांचा जोर हळूहळू वाढवला आणि हळूहळू उतरवला, तर? जोर उतरताना मणी आणखी घट्ट बसले. पुन्हा वाढवला, तर आल्या वाटेनेच सैल झाले. नळी प्रथम कशी भरली होती, याची खूण उरली नाही. हलक्या ठोक्यांनी ती पुसली गेली नसती.

केंब्रिजच्या सॅम एडवर्ड्स यांनी १९८९ मध्येच या निश्चल ढिगांसाठी सांख्यिकीय मांडणी सुचवली होती. ऊर्जेच्या जागी त्यांनी आकारमान ठेवलं आणि एकाच आकारमानाच्या सगळ्या स्थिर रचना सारख्याच संभाव्य मानल्या. हे गृहीतक कुठे लागू पडतं, यावर आजही काम चालू आहे.

वाळूचा किंवा धान्याचा ढीग दिसला की क्षणभर थांबा. तो असा बसला आहे. आणखी किती परींनी बसू शकला असता, हे स्वतःला विचारा. एडवर्ड्स यांची भौतिकी याच प्रश्नापासून सुरू होते.