परत येणारी मुले

संघ हरू लागला की प्रशिक्षक बदलावा, हे सांगायला फारसे शहाणपण लागत नाही. पण नवा प्रशिक्षक कोण असावा, या प्रश्नावर फुटबॉलप्रेमी मंडळींत हमखास दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बाहेरून नावाजलेला माणूस आणा, करंडक जिंकून द्या, मग काय ते बोला. दुसरा तट म्हणतो, आपल्या अकादमीत वर्षानुवर्षे राबलेल्या, मुलांना नावानिशी ओळखणाऱ्या माणसाला संधी द्या. तो घरच्या मुलांना मैदानात उतरवील. नाशिकला देशाच्या अव्वल साखळीत खेळणारा संघ नाही. तरीही हा वाद येथे परका नाही. आमच्या धर्मग्रामांत गोव्याहून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे आहेत, मुंबई-वसईशी सोयरीक असलेली घरे आहेत. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात कोणी एफ. सी. गोवाचा कैवार घेतो, कोणी मुंबई सिटीचा, आणि बोलता बोलता हातातला चहा निवून जातो. या वादाला एक नैतिक बाजू आहे आणि ती दोन्ही तटांच्या नजरेतून निसटते असे आम्हांस वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

गोव्याचेच उदाहरण घेऊ. 2020 च्या जानेवारीअखेर एफ. सी. गोवाने आपले स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना निरोप दिला. संघ तेव्हा गुणतक्त्यात अग्रस्थानी होता आणि साखळीचे तीनच सामने उरले होते. धुरा आली क्लिफर्ड मिरांडा या गोमंतकीय तरुण प्रशिक्षकाकडे. ते तिन्ही सामने गोव्याने 4-1, 5-2 आणि 5-0 असे जिंकले व त्या वर्षी प्रथमच दिली जाणारी साखळी विजेत्याची ढाल पटकावली. घरच्या माणसाचा पक्ष घेणाऱ्यांना याहून मोठा पुरावा तो कोणता? पण पुढच्याच वर्षी या पुराव्याला उतारा मिळाला. डिसेंबर 2021 मध्ये हुआन फेरांडो हे हंगामाच्या मध्यावरच संघ सोडून कोलकात्याच्या संघाकडे गेले. त्यांच्या जागी आले डेरिक परेरा, क्लबचे तांत्रिक संचालक, युवा खेळाडूंची घडण ज्यांच्या नजरेखाली चालत असे असे अनुभवी गोमंतकीय प्रशिक्षक. त्या हंगामात संघ नवव्या स्थानी राहिला. लगेच दुसऱ्या तटाने सांगून टाकले, पाहा, मुले घडवणे वेगळे आणि सामने जिंकणे वेगळे.

खरे पाहता घरचा आणि बाहेरचा हा भेद वाटतो तेवढा पक्का नाही. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबची हकिकत आमच्या वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. 1887 मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या मारिस्ट धर्मबंधूंनी तेथील गरीब आयरिश मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून तो क्लब स्थापन केला. 1965 मध्ये त्याचे व्यवस्थापकपद जॉक स्टीन यांना मिळाले. स्टीन कॅथलिक नव्हते; क्लबच्या इतिहासातील ते पहिले कॅथलिकेतर व्यवस्थापक. त्या अर्थाने बाहेरचे. पण पूर्वी त्यांनी याच क्लबचे कर्णधारपद भूषवले होते आणि राखीव संघातील पोरांना शिकवलेही होते. त्या अर्थाने घरचे. 1967 मध्ये लिस्बन येथे त्यांच्या संघाने युरोपियन चषक जिंकला, तेव्हा मैदानावरचे अकराही खेळाडू क्लबच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. ही कथा दोन्ही तट आपापल्या बाजूने सांगू शकतात, आणि सांगतातही.

तेव्हा हा वाद इतिहासाच्या दाखल्यांनी मिटणार नाही. आमचे लक्ष वेधून घेते ती वेगळीच गोष्ट. दोन्ही तट मुलांविषयी बोलतात, पण मुलांच्या बाजूने कोणी बोलत नाही. पहिल्याला मूल हा वेळखाऊ खर्च वाटतो, दुसऱ्याला ती स्वस्तातली आणि अभिमानाची गुंतवणूक वाटते. ‘आपली पोरे’ हा शब्द कानाला कितीही गोड लागला, तरी तो उच्चारताना डोळ्यांपुढे असतो तो करंडकच. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी 1785 मध्ये मांडलेले सूत्र प्रसिद्ध आहे: माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, तो स्वतःच साध्य आहे. सूत्रातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. संघासाठी मुलाच्या कौशल्याचा उपयोग करून घेणे हा अन्याय नव्हे. खेळाडूलाही तेच हवे असते. उपयोग संपल्यावर त्याचे काय, हा प्रश्नच मनात न येणे, हा अन्याय होय.

थोडा हिशेब मांडून पाहू. एखाद्या निवासी अकादमीत दर वर्षी वीस मुले घेतली असे धरा. वरिष्ठ संघात अठ्ठावीस जागा असतील आणि एक खेळाडू सरासरी सात वर्षे टिकत असेल, तर वर्षाकाठी चार जागा रिकाम्या होतात. त्यांतल्या काही परदेशी खेळाडूंच्या, काही दुसऱ्या क्लबांतून मोल देऊन आणलेल्यांच्या. घरच्या मुलांसाठी उरते एक, फार तर दोन. प्रशिक्षक कितीही मायाळू असो, अकादमीतूनच आलेला असो, या गणिताला तो काय करणार? अठरा मुले घरी परतणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते. कोणती, एवढेच ठरायचे असते.

आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या वाचकांना येथे द्राक्षबाग आठवल्यावाचून राहणार नाही. निफाड-दिंडोरीकडचा बागाईतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर फळ धरायचे नसते; त्या छाटणीतून काडी तयार होते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड लागतात. पुढे विरळणी होते, नको ती फूट काढली जाते, तेव्हा कुठे फेब्रुवारी-मार्चमध्ये माल बाजार पाहतो. अकादमीचे समर्थक नेमका हाच दाखला देतात: एप्रिलची छाटणी केल्यावाचून ऑक्टोबरचे फळ कसे मिळणार? धीर धरा. धीराचा मुद्दा आम्हांस मान्य आहे; ज्याला दोन हंगामही थांबवत नाही त्याने बाग लावू नये. पण दाखला इथेच संपतो. छाटलेली काडी बांधावर पडते, वाळते, तिची कसलीही तक्रार नसते. छाटलेला मुलगा एसटीत बसून घरी येतो. तो सोळा वर्षांचा असतो, त्याची शाळा अर्धीमुर्धी झालेली असते आणि गावातल्या प्रत्येकाला तो कशासाठी गेला होता हे ठाऊक असते.

आणि कधी कधी तर बागच मोडली जाते. डेरिक परेरा यांचीच वाटचाल पाहावी. गोव्यात परतण्यापूर्वी त्यांनी आपल्या महाराष्ट्रात तीन संघांना मार्गदर्शन केले. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने त्यांच्या हाताखाली 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली. 1962 पासूनचा तो संघ 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफ. सी. 2012-13 मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरला. 2015 नंतर तो वरिष्ठ संघही उरला नाही. मग डीएसके शिवाजियन्स. 2016-17 चा हंगाम हा त्या संघाचा आय-लीगमधला शेवटचा. तिघांपैकी एकही बंद पडला तो प्रशिक्षक वाईट होता म्हणून नव्हे. ज्यांच्या पैशावर संघ उभा होता त्यांची गणिते बदलली, एवढेच. पुणे एफ. सी.ची अकादमी पुढे एफ. सी. पुणे सिटीने चालवायला घेतली, तर 2019 मध्ये तो क्लबही संपला. या पुण्याच्या मातीतून काही उगवले नाही असे मुळीच नाही. केरळचा आशिक कुरुनियन पुणे एफ. सी.च्या अकादमीत वाढला. मिझोरमचा लालियानझुआला छांगटे लिव्हरपूल क्लबच्या सहकार्याने चाललेल्या डीएसकेच्या अकादमीत घडला. दोघेही भारतासाठी खेळले. त्यांची नावे आपल्याला सांगता येतात. त्यांच्या शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्या मुलांची नावे मात्र कोणीच सांगत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मुले स्वखुशीने येतात, पालक सही करतात, स्वप्न त्यांचेच असते. मग क्लबला दोष का? आक्षेपात तथ्य आहे. परंतु तेरा वर्षांच्या मुलाची खुशी ही कितपत जाणती खुशी? वर मांडलेले गणित क्लबला पाठ असते, आईबापांना नसते. ज्याला अधिक ठाऊक आहे त्याच्यावर ते सांगण्याचे बंधन असते. संत थॉमस अक्वायनस न्यायाची व्याख्या करताना ज्याचे त्याला देण्याच्या अढळ इच्छेविषयी बोलतात. वगळलेल्या मुलाचे देणे काय? संघातली जागा नव्हे, ती त्याने मिळवली नाही. पण पूर्ण शालेय शिक्षण, वेळेवर व तोंडावर सांगितलेले सत्य आणि परतीची सोय, एवढे तर त्याचे आहेच. हे औदार्य म्हणून नव्हे, ऋण म्हणून द्यावयाचे असते. संघ पहिला आला काय नि नववा आला काय, त्यात फरक पडू नये.

धर्मगुरूंचा आणि फुटबॉलचा संबंध जुना आहे, म्हणून आम्ही हे थोड्या अधिकाराने बोलतो. गोव्यात हा खेळ 1883 च्या सुमारास शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी आणला असे मानतात. ब्युनोस आयरेस शहरात अल्माग्रो वस्तीतली पोरे भर रस्त्यात, ट्रामच्या वाटेवर खेळत असत. त्यांच्या जिवाला अपाय होईल म्हणून फादर लोरेन्सो मासा या सालेशियन धर्मगुरूंनी आपल्या आश्रमाचे अंगण त्यांना मोकळे करून दिले. अट एवढीच, रविवारी मिस्साला यायचे. त्यातून 1908 मध्ये सान लोरेन्सो हा क्लब उभा राहिला. 2025 मध्ये देवाघरी गेलेले पोप फ्रान्सिस हे बालपणापासून त्याचे चाहते होते. फादर मासांच्या अंगणात कोणाला वगळले गेले असेल का? असेलही, अकराच जण एका वेळी खेळतात. पण अंगणातून कोणाला घालवून दिले जात नसावे, कारण अंगण मुलांसाठी होते. मुले क्लबसाठी नव्हती.

आमच्या स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये प्रत्येक धर्मप्रांताला गुरुविद्यालय काढण्यास सांगितले. सेमिनरी या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ रोपवाटिका. म्हणजे कोवळ्या वयात निवडायचे, वाढवायचे आणि थोड्यांनाच अखेरपर्यंत न्यायचे, हा अनुभव ख्रिस्तसभेला साडेचार शतकांचा आहे. आमच्याबरोबर दाखल झालेले किती तरी जण मधूनच बाहेर पडले. एके काळी असा मुलगा गावी परतला की लोक कुजबुजत. आईला विहिरीवर तोंड चुकवावे लागे. आज तसे उरलेले नाही. ते बदलले याचे एक कारण असे की, त्या मुलांच्या हाती पदवी होती, भाषा होत्या, शिस्त होती. त्यांतले कोणी शिक्षक झाले, कोणी पतपेढी सांभाळतात, आणि एक जण आमच्याहून चांगले भजन बसवतो. रोपवाटिकेने त्यांना रिकाम्या हाती पाठवले नव्हते. फुटबॉलच्या अकादमीने सेमिनरीकडून काही उसने घ्यावयाचे असेल तर ते हेच.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक जोडपे आले. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाची परगावच्या एका निवासी अकादमीत निवड झाली होती. वडील हरखून गेले होते. तेथील परदेशी प्रशिक्षक किती मोठा, हिरवळ कशी गालिच्यासारखी, हे सांगताना त्यांचा शब्द खाली पडत नव्हता. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “फादर, दोन वर्षांनी त्याला परत पाठवलं तर त्याच्या दहावीचं काय?” आम्ही म्हटले, हा प्रश्न आम्हाला नव्हे, त्यांना विचारा, आणि लेखी विचारा. त्यांनी विचारला. उत्तर आले ते चांगल्या कागदावर. त्यात आहाराचा तक्ता होता, प्रशिक्षकाच्या परवान्याची प्रत होती, बूट कोणी घ्यायचे हेही होते. दहावीविषयी एक ओळ नव्हती.

वडिलांच्या मते हा क्षुल्लक विसर आहे आणि मुलाने जावे. आईने दुसरे पत्र लिहिले आहे. मुलगा सध्या संध्याकाळी चर्चमागच्या मैदानावर खेळतो, डाव्या पायाने, आणि पोस्टमन कधी येतो हे त्याला आमच्याहून चांगले ठाऊक आहे.